गेम ऑफ थ्रोन्स: ब्रॅन राजा झाला ते बरोबर, पण कारण चुकीचं दिलं

दांडियाबाजारकर

(मालिका पाहिली नसेल तर इथेच थांबा. पुढे सगळं उघड केलंय.)

शेवटचा भाग २०१९ च्या मे महिन्यात आला. त्यानंतर एवढी वर्षं गेली, तरी आमच्याकडे चार पाहणारे जमले की अजून वाद होतो. परवा पुतणीने आठवा सीझन संपवला आणि तिचाही पहिला प्रश्न तोच, "काका, ब्रॅनच का?" तिला दिलेलं उत्तर जरा नीट मांडतो.

विंटरफेलच्या स्टार्क घराण्यातला, पाय गेलेला ब्रॅन राजा होणं मला पटतं. पटत नाही ते त्याचं नाव सुचवणाऱ्या मुत्सद्दी टिरियनचं भाषण. सिंहासन रिकामं झाल्यावर ड्रॅगनपिट या ठिकाणी सरदार जमलेत, राजा कोणाला करायचं ते कोणालाच सुचत नाही. सॅम म्हणतो, प्रजेलाच ठरवू द्या, तर सगळे त्याला हसतात. मग बेड्या घातलेला टिरियन उठतो आणि सांगतो की जगात गोष्टीइतकं ताकदवान काही नाही, आणि ब्रॅनपेक्षा चांगली गोष्ट कोणाची आहे? एवढ्यावर एकेक करून सगळे होकार देतात. राज्य कोणाच्या हाती द्यायचं याचं हे कारण?

वारस निवडून आणणं बडोद्याच्या माणसाला नवीन नाही. १८७० मध्ये खंडेराव महाराज गेले तेव्हा मुलगा नव्हता आणि जमनाबाईंना दिवस होते. मुलगा झाला असता तर गादी त्याची. मुलगी झाली आणि पादऱ्याला कैदेत राहिलेले खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर कायम झाले. पुढे इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावरचा विषप्रयोग, चौकशी कमिशन, आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवणं. राजवाडा, विष, खटला, गरोदर राणी. मालिकेतल्या वेस्टरॉसच्या राज्यात याहून वेगळं काय घडतं?

गादी रिकामी झाली आणि जमनाबाईंनी दत्तक शोधायला घेतला. नाशिककडच्या कवळाण्याहून काशीराव गायकवाड आपल्या मुलांना घेऊन आले. पुढची गोष्ट बडोद्यातल्या मराठी घरांत लहानपणापासून ऐकवतात. मुलांना विचारलं, "इथे कशाला आलात?" बाकीच्यांनी काहीबाही उत्तरं दिली. बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, "राज्य करायला." २७ मे १८७५ ला तो दत्तक गेला आणि सयाजीराव झाला.

आता ब्रॅन आठवा. टिरियन त्याला विचारतो, होशील का राजा? तो म्हणतो, मी एवढ्या लांबून कशासाठी आलोय असं वाटतं तुम्हाला?

जवळजवळ तेच वाक्य. गोपाळचं आपण अभिमानाने सांगतो आणि ब्रॅनचं ऐकून लोक चिडतात. मला याचं कारण असं दिसतं की गोपाळच्या वाक्यानंतर काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. लगेच कोणी त्याच्या हाती राज्य दिलं नाही. माधवराव दिवाणांनी कारभार सांभाळला, इलियट साहेबांनी मुलाला शिकवलं, आणि १८८१ च्या डिसेंबरात अधिकार मिळाले. मग १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१० पासून गावोगाव ग्रंथालयं. १९३९ मध्ये ते गेले तोवर त्या एका वाक्यामागे सगळी कारकीर्द उभी राहिली होती.

ब्रॅनच्या वाक्याच्या मागेपुढे काय आहे? पाचव्या सीझनमध्ये तो एकाही भागात नाही. सातव्यात त्याची बहीण सान्सा म्हणते, विंटरफेल आता तुझं, तर हा म्हणतो, मी कशाचाच स्वामी होऊ शकत नाही, मी तीन डोळ्यांचा कावळा आहे, म्हणजे मागचं-पुढचं बघणारा. आठव्यात बहुतेक वेळ चाकाच्या खुर्चीत बसून बघत राहतो. राजा झाल्यावर मंत्रिमंडळात एकदा येतो, ड्रोगन हा ड्रॅगन कुठे आहे विचारतो आणि जातो.

तुम्हाला काय वाटतं? ब्रॅनला राजा करायला मालिकेत खरं कारण कुठे होतं का?

कमाटीबाग_सकाळ

शेवटचा भाग आला तो सोमवार लख्ख आठवतो. आदल्या संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल लागलेले, सगळीकडे तीच चर्चा, आणि मी सकाळी साडेसहाला हॉटस्टार लावून बसलेले. ऑफिसला जाईपर्यंत कोणाशी बोलावंसं वाटलं नाही.

पण दादा, कारण वगैरे नंतरचं. मुळात वेळच दिला नाही. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे. सातवा सात भागांचा आणि आठवा सहा. म्हणजे शेवटच्या दोन सीझनना मिळून तेरा भाग. एचबीओ वाहिनी आणखी द्यायला तयार होती, बेनिऑफ आणि वाइस या दोघा निर्मात्यांनीच त्र्याहत्तरवर संपवायचं ठरवलं. पहिल्या सीझनमध्ये राजाला विंटरफेलहून राजधानीत पोचायला भागच्या भाग लागतात आणि त्या प्रवासातच माणसं कळतात. शेवटी शेवटी कोणीही कुठेही एका दृश्यात पोचतो. उसळ शिजायच्या आधीच वरून शेव घातली.

मांजलपूरवाली

ब्रॅनवर एवढं लिहिलंत आणि डनेरिसचा, त्या ड्रॅगनवाल्या राणीचा, शब्दही नाही? शेवट बिघडला तो तिथे.

मला एकच प्रसंग सांगायचाय. चौथ्या सीझनचा शेवटचा भाग. तिने जिंकलेल्या मीरीन शहराच्या दरबारात एक गरीब माणूस येतो. त्याच्या हातात गाठोडं असतं. तो ते जमिनीवर ठेवून उलगडतो, आत जळकी हाडं. त्याची तीन वर्षांची मुलगी. ड्रोगनने जाळलेली. डनेरिस काय करते? ड्रोगन हाती लागत नाही, म्हणून बाकीच्या दोघांना स्वतः तळघरात नेते, स्वतःच्या हाताने गळ्यात साखळ्या अडकवते आणि ते मागे ओरडत असताना रडत बाहेर पडते. ड्रॅगनना ती आपली मुलं म्हणते. परक्या माणसाच्या एका मुलीसाठी तिने आपली मुलं कोंडली.

तीच बाई आठव्या सीझनमध्ये घंटा वाजल्यावर, राजधानी किंग्ज लँडिंग शरण आल्यावर, गल्ल्यांतून पळणारी पोरं जाळते? का? तिच्या सखीला, मिसान्डेला मारलं म्हणून? तिचा ड्रॅगन रेगाल गेला म्हणून? तिच्या प्रियकराने, जॉनने पाठ फिरवली म्हणून? मग तिने शत्रू राणी सर्सीच्या वाड्यावर जायला हवं होतं. वाडा समोर दिसत होता.

आणि दिग्दर्शकालाही ते माहीत असणार. घंटा वाजतात तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असतो. ती झेपावते, आणि त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा पुन्हा दाखवतच नाहीत. खालून फक्त ड्रॅगन दिसतो. आठ सीझन जिच्या बाजूने आपण बघितलं तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या निर्णयाच्या वेळी आपल्याला तिच्यापासून तोडलं. मी त्या भागानंतर खूप रडले आणि अजूनही मला ते अन्यायाचं वाटतं.

कारेलीबाग_इतिहास

मांजलपूरताई, प्रसंग चपखल निवडलात. पण त्याच सीझनमध्ये दुसराही आहे. मीरीनला जाताना वाटेत गुलामांच्या मालकांनी एकशे त्रेसष्ट गुलाम मुलं खांबांना ठोकून मारलेली असतात. शहर जिंकल्यावर डनेरिस तेवढेच मालक तसेच ठोकते. मग दरबारात त्यातल्या एका मालकाचा मुलगा हिझदार येतो, बापाचं प्रेत खाली उतरवू द्या म्हणायला. तो सांगतो की मुलांना मारायला माझ्या बापाने विरोध केला होता. तिला यावर बोलायला सुचत नाही.

तिने आकडा मोजला, माणसं तपासली नाहीत. नंतर सातव्या सीझनमध्ये टार्ली बापलेक. शरण या नाहीतर जळा. टिरियन विनवत असतो, दोघांना कैदेत टाका, निदान मुलाला तरी सोडा. ऐकत नाही. हळवेपणा आणि ही घाई, दोन्ही तिच्यात पहिल्यापासून आहे. आपण मालकांना चिरडताना टाळ्या वाजवल्या म्हणून घाई दिसली नाही.

मांजलपूरवाली

टार्ली हातात तलवार घेऊन तिच्याविरुद्ध लढलेले. मीरीनचे मालक मुलं मारणारे. दोन्हीकडे समोर शत्रू होता. किंग्ज लँडिंगमध्ये पावाची दुकानं होती. हा फरक लहान नाही. वेड्या बापाची मुलगी म्हणून ती वेडी झाली हे तर अजिबात मान्य नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

बडोद्याच्या धाग्यात ग्वाल्हेरचा प्रतिसाद चालेल ना?

मूळ लेखात मल्हाररावांचं प्रकरण एका ओळीत उरकलंय, पण डनेरिसवर बोलताना तेच उपयोगाचं आहे. कर्नल फेअरच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप नोव्हेंबर १८७४ चा. चौकशीला सहा जणांचं कमिशन. त्यात तिघे हिंदी: आमचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे, जे आधी ग्वाल्हेरचे दिवाण होते. तिघे इंग्रज. इंग्रजांच्या मते गुन्हा झाला. हिंदी तिघांनी तो शाबीत मानला नाही. तीन विरुद्ध तीन. तरी गादी गेलीच, फक्त कारण बदललं. विषप्रयोगाऐवजी गैरकारभार म्हणाले.

म्हणजे राजा काढायचा हे आधी ठरलं आणि कारण मागून आलं. डनेरिसच्या बाबतीत लेखकांनी हेच केलं असं मला वाटतं. जॉनच्या हातून ती मरायला हवी होती, म्हणून तिच्याकडून शहर जाळून घेतलं. तिचे सल्लागार व्हेरिस आणि टिरियन दोन भागांत तिच्याबद्दल ज्या भाषेत बोलायला लागतात ती रेसिडेन्सीच्या अहवालांची भाषा आहे: स्वभाव बरा नाही, घराण्यातच दोष आहे.

कारेलीबाग_इतिहास

मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं मात्र कोणी म्हणू नये. रयतेच्या तक्रारी खऱ्या होत्या. विषाचा आरोप कच्चा आणि राज्यकारभार वाईट, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

लष्कर_ग्वाल्हेर

हे मान्य. माझा मुद्दा न्यायाच्या पद्धतीचा होता.

अलकापुरी_रात्रपाळी

कोणी आठव्या सीझनच्या तिसऱ्या भागाच्या अंधाराबद्दल बोलणार आहे का? ब्याऐंशी मिनिटं मी टीव्हीचा ब्राइटनेस वाढवत होतो. पंचावन्न रात्री शूटिंग केलं म्हणे. मेहनत दिसते, माणसं दिसत नाहीत. ब्रॅनच्या बहिणीने, आर्याने, मेलेल्यांच्या फौजेच्या म्होरक्याला, नाइट किंगला मारलं ते मात्र मला आवडलं. तो खंजीर पहिल्या सीझनमध्ये ब्रॅनला मारायला आलेल्या माणसाच्या हातात होता, ब्रॅननेच तो आर्याला दिला. हे वर्तुळ नीट जुळवलंय.

दांडियाबाजारकर

ग्वाल्हेरकर, चालेल काय, हवाच होता हा प्रतिसाद. जयाजीराव कमिशनवर होते हे वाचलं होतं, दिनकररावांचं लक्षात नव्हतं आलं.

मांजलपूरताई, डनेरिसबद्दल मी मुद्दाम लिहिलं नाही कारण त्यावर सगळेच लिहितात. पण तुमचा गाठोड्याचा प्रसंग वाचून वाटलं की दोन्हीकडे खोट एकच आहे. तिने जाळलं ते कशासाठी हे दाखवलं नाही, आणि ब्रॅनला निवडलं ते कशासाठी हेही दाखवलं नाही. मूळ कादंबऱ्यांचे लेखक मार्टिन यांनी शेवटाकडचे काही मोठे टप्पे निर्मात्यांना आधीच सांगितले होते, ब्रॅनला वाहून नेणाऱ्या होडोरच्या नावाचा उलगडा त्यातलाच. त्यांची पुस्तकं पाचव्यावर अडकलीत, पाचवं २०११ चं. ज्या वर्षी मालिका सुरू झाली त्याच वर्षीचं. तेव्हा टप्पे हाती होते, मधली वाट मालिकेला स्वतः काढायची होती.

सुरसागरकाठी

मला ब्रॅनच नको. भीती वाटते त्याची.

चौथ्या सीझनमध्ये झाडाला हात लावल्यावर त्याला किंग्ज लँडिंगवरून सरकणारी ड्रॅगनची सावली दिसते. आठवतंय? म्हणजे त्याला दिसलं होतं. मग "कशासाठी आलोय" या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? शहर जळणार, डनेरिस मरणार, गादी आपल्याकडे येणार हे ठाऊक असून गप्प बसला? असा माणूस राजा म्हणून मला चालणार नाही. आमच्या घरी यावर आई आणि मी दोन दिवस भांडलो. आईचं म्हणणं, भीष्मालाही सगळं कळत होतं. मी म्हटलं, म्हणूनच तर भीष्माला दोष देतात.

कमाटीबाग_सकाळ

काकूंचा भीष्म आवडला. पण ब्रॅन आठव्या सीझनच्या चौथ्या भागात टिरियनला सांगतो की मी बहुतेक भूतकाळातच असतो. पुढचं त्याला तुकड्यांत दिसतं, सावली दिसते, कोणाची आणि का ते दिसत नाही. त्या वाक्याने मात्र घोटाळा केला हे खरं. त्याऐवजी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

फतेहगंज_पुस्तकवाला

मूळ प्रश्न राहिला बाजूला. ब्रॅनला राजा करायला मालिकेत कारण होतं का? होतं. आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात.

सर्सीचा भाऊ आणि प्रियकर जेमी एकटा विंटरफेलला येतो. दिवाणखान्यात सगळ्यांसमोर त्याची झडती चाललीय. डनेरिसला जेमीने मारलेल्या बापाचा सूड हवाय, सान्सालाही जेमी तिथे नकोय. कोपऱ्यात ब्रॅन बसलाय. त्याला या माणसाने पहिल्याच भागात बुरुजाच्या खिडकीतून ढकललं, आयुष्यभरासाठी पाय गेले. ब्रॅनने एक वाक्य उच्चारलं असतं तर जेमी तिथेच संपला असता. तो फक्त म्हणतो, प्रेमापोटी माणूस काय काय करतो. हे जेमीचेच शब्द, ढकलताना उच्चारलेले. दोघांशिवाय कोणाला कळत नाही.

नंतर देवराईत जेमी विचारतो, तू सांगितलं का नाहीस? ब्रॅन म्हणतो, त्यांनी तुला आधीच मारलं असतं तर या लढाईत तुझा काय उपयोग झाला असता?

माझ्या मते सगळ्या मालिकेत एवढा मोठा न्याय कोणी केला नाही. ब्रॅनच्या बापाने, नेडने केला नाही, भावाने, रॉबने केला नाही. डनेरिस तर त्याच खोलीत सूड मागत उभी होती. स्वतःवरचा अन्याय बाजूला ठेवून सगळ्यांचं हित बघितलं. राजाकडून याहून जास्त काय मागणार? आणि ड्रॅगनपिटमध्ये याचा कोणी उल्लेखही करत नाही.

अलकापुरी_रात्रपाळी

हे मी पाहिलंय आणि मला कधी सुचलं नाही. जबरदस्त.

कारेलीबाग_इतिहास

मुद्दा चांगला, पण अडचण आहे. उल्लेख करणार कोण? ही गोष्ट ब्रॅन आणि जेमी दोघांतलीच. जेमी विटांच्या ढिगाखाली गेला. ब्रॅन स्वतःची स्तुती करणार नाही. टिरियनने दुसऱ्या भागात शेकोटीजवळ ब्रॅनची हकिकत ऐकली, पण तो संवाद आपल्याला ऐकवलाच नाही.

फतेहगंज_पुस्तकवाला

ब्रिएन, ती शपथेला जागणारी योद्धा.

आठव्या सीझनचा चौथा भाग पुन्हा पाहा. जेमी रात्री घोड्यावर खोगीर चढवतोय, ब्रिएन अंगणात येऊन त्याला थांबवते, तू चांगला माणूस आहेस म्हणते. तेव्हा तो स्वतःच्या तोंडाने सांगतो की मी सर्सीसाठी एका पोराला बुरुजावरून ढकललं, त्याला जन्माचं पांगळं केलं. ते पोर कोण हे विंटरफेलमध्ये राहणाऱ्या ब्रिएनला कळणार नाही असं होईल का? आणि ती ड्रॅगनपिटच्या सभेत बसलेली आहे. तिचं मत घेतलं जातं.

दांडियाबाजारकर

बरोबर आहे! ती सान्साच्याच बाजूला असते.

म्हणजे फक्त एवढंच हवं होतं. टिरियनचं भाषण कापा. ब्रिएन उठते आणि सांगते की ज्या माणसाने याला पांगळं केलं त्याला याने भर सभेत वाचवलं, कारण आपल्या सगळ्यांना त्या माणसाची तलवार हवी होती. ती तलवार माझ्या शेजारी उभी राहून लढली. मग बाकीचे होकार देतात. एका मिनिटाचं काम. कोणाला गोष्टीबिष्टी सांगायची गरज नाही.

मांजलपूरवाली

थांबा, ब्रिएन हे बोलेल का? जेमी तिला सोडून गेला तरी तिचं त्याच्यावर प्रेम होतं. शेवटच्या भागात ती राजाच्या अंगरक्षकांच्या पांढऱ्या पुस्तकात जेमीचं पान लिहिते तेव्हा रिव्हररन, हायगार्डन, विंटरफेल सगळं लिहिते. बुरुजाबद्दल एक अक्षर नाही. शेवटी लिहिते, आपल्या राणीचं रक्षण करताना मरण आलं. जिने पुस्तकात झाकलं ती सभेत उघड करेल? मेलेल्या माणसाची अब्रू सगळ्यांपुढे काढेल?

फतेहगंज_पुस्तकवाला

ताई, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. विचार करून लिहितो.

मला वाटतं ती बोलली असती. ब्रिएनने शपथ कॅटलिनला दिली होती, तिच्या मुलींसाठी, आणि ती शेवटपर्यंत पाळली. ब्रॅन त्याच कॅटलिनचा मुलगा. आणि ती खोटं बोलणारी बाई नाही. दुसऱ्या भागात त्याच झडतीच्या वेळी ती भर सभेत उभी राहून जेमीची बाजू घेते, कॅटलिनला दिलेला शब्द त्याने पाळला हे सांगते. तिच्यावर सगळे कसे बघतील याची फिकीर करत नाही. ज्या तोंडाने तेव्हा त्याचं चांगलं सांगितलं त्याच तोंडाने आता वाईटही सांगायचं, हे तिला फार जड गेलं असतं. ब्रिएन करणाऱ्या ग्वेन्डोलिन क्रिस्टीने ते दृश्य काय केलं असतं! पांढरं पुस्तक त्यानंतर लिहिलं असतं तर तिथे बुरुज गाळण्यालाही वेगळा अर्थ आला असता. सभेत राज्यासाठी सांगितलं, पुस्तकात त्याच्यासाठी गाळलं.

सुरसागरकाठी

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, हे चाललं असतं. मला ब्रॅन अजून पूर्ण पटलेला नाही, पण दुसरा भाग पुन्हा लावलाय.

लष्कर_ग्वाल्हेर

मलाही पटतं, एका दुरुस्तीसह. ब्रिएन बोलल्यावर डनेरिसच्या सेनापतीने, ग्रे वर्मने विचारायला हवं, माझ्या राणीच्या खुनाचा न्याय हा कसा करणार? जॉनला उत्तरेच्या भिंतीवर नाइट्स वॉचच्या पहारेकऱ्यांत पाठवण्याचा निवाडा सध्या टिरियन येऊन कळवतो. तो ब्रॅनने सभेत, ग्रे वर्मच्या तोंडावर द्यायला हवा होता. नव्या राजाचा पहिला न्याय, तोही स्वतःच्या घरात वाढलेल्या भावाविरुद्ध.

दांडियाबाजारकर

हे दृश्य मालिकेत नाही याचं आता जास्तच वाईट वाटायला लागलंय.

मांजलपूरवाली

ब्रॅनचं तुम्ही सगळ्यांनी मिळून जुळवलंत, छान झालं. माझ्या डनेरिसचं कोणी जुळवलं नाही. तिच्यासाठी वेगळा धागा काढते आज रात्री. कारेलीबागकर, हिझदारच्या बापाचा मुद्दा घेऊन तिकडे या. आणि ग्वाल्हेरकर, कमिशनच्या कामकाजाबद्दल मराठीत काही चांगलं वाचायला असेल तर तिथे सांगा.